हायाबुसा १९० पीएसची, डायनोवर १५६: मग खरी अश्वशक्ती कोणती?

पुण्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे सुझुकीची नवी, म्हणजे २०२१ नंतरच्या पिढीची हायाबुसा आहे. कंपनीच्या पत्रकात १९० पीएस छापलंय. एप्रिलमध्ये त्यांनी गाडी एका ठिकाणी डायनोवर, म्हणजे चाकावरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर चढवली, तर आकडा आला १५६. घाबरून त्याच आठवड्यात दुसरीकडे नेली, तिथे १७६. दोन्ही कागद त्यांनी पाठवलेत आणि विचारलंय: कोण चुकतंय, इंजिन बसलंय का, आणि अशा गाडीची खरी पॉवर मोजायची तरी कशी?

आधी काळजी मिटवतो. इंजिन ठणठणीत आहे. दोन्ही कागद एकाच गाडीची एकच ताकद सांगताहेत, फक्त वेगवेगळ्या पद्धतीने. पहिल्या कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय की आकड्याला हवामानाची दुरुस्ती लावलेली नाही. दुसऱ्यावर 'एसटीडी' असं लिहिलंय, म्हणजे दुरुस्ती लावली आहे आणि तीही सगळ्यात उदार प्रकारची. दोन्हीकडे तापमान ३६ अंश, आर्द्रता २५ टक्के आणि हवेचा दाब ९४५ मिलिबारच्या आसपास. १९० वरून १५६ म्हणजे ३४ घोडे कमी. ते कुठे गेले याचा हिशेब जवळजवळ पैशापर्यंत लागतो, म्हणून तो नीट मांडतो.

पहिले अडीच घोडे कुठेच गेलेले नाहीत. पत्रकात पीएस आहे आणि डायनोच्या कागदावर बीएचपी. एक पीएस म्हणजे ७३५.५ वॅट, एक बीएचपी म्हणजे ७४५.७ वॅट. त्यामुळे १९० पीएस म्हणजे १८७.४ बीएचपी. लोक हे दोन्ही आकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि छोट्या गाडीत ते खपूनही जातं, पण दोनशेच्या जवळ गेल्यावर हाच फरक एखाद्या एक्झॉस्टच्या फायद्याएवढा होतो.

आता हवा. इंजिन ताकद काढतं ती ऑक्सिजनच्या जोरावर, आणि पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सहाएक टक्क्यांनी कमी असतो. त्यात एप्रिलचं ऊन. म्हणून मोजलेल्या आकड्याला एक गुणक लावतात, की हीच गाडी ठरावीक हवेत चालवली असती तर किती ताकद मिळाली असती. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-१३४९ या मानकात ती ठरावीक हवा म्हणजे २५ अंश तापमान आणि कोरड्या हवेचा ९९० मिलिबार दाब. कोरड्या हवेचा का? तर हवेतली वाफ जागा अडवते पण जळायला मदत करत नाही. ३६ अंश आणि २५ टक्के आर्द्रतेला वाफेचा दाब साधारण १५ मिलिबार भरतो. तो ९४५ मधून वजा केला की उरले ९३०. हे आकडे सूत्रात घातले की गुणक येतो १.०९९. आता १५६ ला त्याने गुणा: १७१.४.

दुसऱ्या कागदावरचं एसटीडी हे जुनं माप. त्यात ठरावीक हवा जवळपास १५.५ अंश थंड आणि दाब समुद्रसपाटीचा पूर्ण १०१३ मिलिबार धरतात. एसएईच्या सूत्रात इंजिनाच्या आतल्या घर्षणाचा वेगळा हिशेब असतो, तो इथे नाही. गुणक येतो १.१२७, आणि १५६ चे होतात १७५.८. तुमचा १७६ हाच. म्हणजे दोन्ही दुकानांनी मुळात एकच आकडा मोजला. भांडण लावलं ते कागदाच्या कोपऱ्यातल्या तीन अक्षरांनी.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण या एकाच चुकीने मी कितीतरी कागद बाद ठरवलेत. मोबाइलवरचं हवामानाचं अ‍ॅप पुण्याचा दाब १००८, १०१० असा दाखवतं. तो इथला खरा दाब नसतो, समुद्रसपाटीला नेऊन दाखवलेला असतो, म्हणजे नकाशावर सगळी गावं एका पातळीवर तोलता यावीत. डायनोच्या संगणकात कोणी तो आकडा टाकला तर गुणक १.०९९ ऐवजी १.०१५ च्या आसपास येतो आणि तुमची गाडी १७१ ऐवजी १५८ ची ठरते. उलटी चूकही होते, आणि ती दर वेळी नकळत होते असं म्हणवत नाही. गिऱ्हाइकाला मोठा आकडा आवडतो. म्हणून कागद हातात घेतल्यावर पॉवरच्या आधी दाब वाचा. पुण्यात काढलेल्या कागदावर १०१० दिसला तर पुढचं वाचायची गरज नाही.

आणखी एक मर्यादा. हा गुणक म्हणजे अंदाज आहे, आणि मानकं स्वतःच सांगतात की तो ०.९३ ते १.०७ या पट्ट्यात असेल तोवर त्यावर भरवसा ठेवावा. पुण्याच्या एप्रिलमध्ये दुपारी आपण या पट्ट्याच्या बाहेर असतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मोठ्या गाडीची मोजणी डिसेंबर-जानेवारीत सकाळी करावी. उन्हाळ्यात करायचीच असेल तर मूळ न सुधारलेला आकडाही कागदावर छापून घ्यावा. पावसाळ्यात तापमान उतरतं पण वाफ वाढते. २७ अंशाला ८५ टक्के आर्द्रता असली की वाफेचा दाब ३० मिलिबारवर जातो, म्हणजे हवेतले तीन टक्के नुसते पाणी.

राहिले १८७.४ आणि १७१.४ यांच्यामधले सोळा घोडे. कंपनीचा आकडा इंजिनाच्या क्रँकशाफ्टचा, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचा असतो, डायनो मोजतो मागच्या चाकावर. मधे प्रायमरी गिअर, क्लच, गिअरबॉक्स, चेन आणि टायर. प्रत्येक ठिकाणी थोडी ताकद उष्णता होऊन जाते. ही तूट पंधरा टक्के धरायची अशी सगळीकडे रीत पडली आहे, ती मला मान्य नाही. युरोपच्या मोटरसायकल चाचणी नियमांत, क्रँकवर थेट मोजता येत नसेल तेव्हा वापरायची कार्यक्षमता दिलेली आहे: सरळ दातांच्या गिअरच्या प्रत्येक जोडीला ०.९८, रोलर चेनला ०.९५. मोटरसायकलला प्रायमरीची एक जोडी, गिअरबॉक्समधली एक जोडी आणि चेन, म्हणजे ०.९८ गुणिले ०.९८ गुणिले ०.९५, उत्तर ०.९१२. १८७.४ ला त्याने गुणलं की १७१ येतात. तुमच्या गाडीचा सुधारलेला आकडा १७१.४. इतकं तंतोतंत जुळणं हा थोडा योगायोग, कारण चांगली तेल दिलेली चेन पाच टक्के खात नाही आणि टायर ड्रमवर दबून फिरताना आपला वाटा वेगळा खातो. पण अंदाज कुठे बसतो ते कळतं. याच १७१.४ वरून कोणी पंधरा टक्के तूट धरून उलटा हिशेब केला तर क्रँकला २०२ बीएचपी होतील, कंपनीच्या दाव्यापेक्षा चौदा जास्त! चाकावरच्या आकड्यावरून क्रँकचा आकडा काढून देणाऱ्या कागदावर म्हणूनच विश्वास ठेवू नका. चाकावर मोजलंय ना, चाकाचाच आकडा बोला.

हे झालं तुमच्या दोन कागदांचं. पण दोन दुकानांत यंत्रंच वेगळी असतील तर सगळी दुरुस्ती सारखी लावूनही आकडे जुळत नाहीत, तेव्हा यंत्राबद्दल सांगितलंच पाहिजे.

एका जातीत नुसता जड ड्रम असतो. गाडी तो ड्रम किती झपाट्याने फिरवते यावरून संगणक ताकद काढतो. समजा ड्रम गाडीला २०० किलोच्या ओझ्यासारखा वाटतो, आणि गाडीने तो १५० वरून २५० किलोमीटरच्या वेगाला तीन सेकंदांत नेला. त्यात ३०९ किलोज्यूल ऊर्जा गेली, भागिले तीन म्हणजे १०३ किलोवॅट, साधारण १४० पीएस. बस, इतकं साधं. यात वजनकाटा नाही, बिघडायला फार काही नाही, आणि म्हणून त्याच यंत्रावर तोच आकडा पुन्हा पुन्हा येतो. उणीव अशी की गाडीचं स्वतःचं मागचं चाक, चेन, क्लच, क्रँक यांनाही वेग द्यायला ताकद लागते आणि ती ड्रमला दिसत नाही. मागचं चाक टायरसकट पाच-सहा किलोच्या ओझ्याइतकं धरलं तरी वरच्या उदाहरणात चार पीएस तिथेच जातात. हलकी चाकं बसवली की अशा डायनोवर 'पॉवर वाढते', इंजिनाला हातही न लावता. खालच्या गिअरमध्ये आरपीएम झपाट्याने चढतात, त्यामुळे ही लपलेली तूट वाढते आणि आकडा घसरतो. म्हणून मोजणी चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये करतात.

अमेरिकेत या जातीचा डायनो डायनोजेट कंपनीने घरोघरच्या वर्कशॉपमध्ये पोहोचवला. तिच्या संस्थापकाची, मार्क डोबेक यांची, एक हकिकत तिकडच्या नियतकालिकांत छापून आली आहे. मापनाची पट्टी ठरवताना समोर होती १९८५ ची यामाहा व्हीमॅक्स, कंपनीचा दावा १४५ अश्वशक्तीचा. नुसत्या सूत्राने आकडा नव्वदच्या आसपास येत होता, तर त्या काळच्या इतर डायनोंवर तो एकशेवीसच्या घरात. शेवटी गणितात असा गुणक घातला की व्हीमॅक्स १२० दाखवेल. कोणी याला लबाडी म्हणतात. मला ती लपलेल्या फिरत्या वजनाची सरासरी भरपाई वाटते. पण परिणाम आजही आपल्यापर्यंत येतो: ड्रमच्या डायनोचा आकडा ब्रेकच्या डायनोपेक्षा बहुधा मोठा असतो, आणि दोन जातींचे कागद शेजारी ठेवून गाड्यांची तुलना करणं व्यर्थ आहे.

ब्रेकचा डायनो म्हणजे दुसरी जात. इथे रोलरला विद्युतचुंबकीय ब्रेक असतो आणि ब्रेकला किती पीळ बसतो ते लोडसेल नावाचा काटा मोजतो. इंजिन ६००० आरपीएमला धरून ठेवता येतं, त्यामुळे इंधन आणि इग्निशनचं ट्यूनिंग करायला याला तोड नाही. पण काटा आला की तपासणी आली. तपासणी कशी करतात ते तुम्ही स्वतः पाहायला मागू शकता: ब्रेकला एक मीटर लांबीचा दांडा आडवा लावतात, टोकाला २० किलोचं प्रमाणित वजन टांगतात, पडद्यावर १९६ न्यूटन-मीटर दिसले पाहिजेत. मग एकेक वजन वाढवत न्यायचं आणि तसंच उतरवत यायचं. चढताना आणि उतरताना वाचन वेगळं येत असेल तर कुठेतरी बेअरिंग किंवा सांधा अडकतोय. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. ते दाखवायला जो का-कू करतो त्याच्याकडे गाडी चढवू नका.

यंत्र कोणतंही असो, आधुनिक सुपरबाइक त्याच्यावर सहजासहजी पूर्ण ताकद देत नाही. पुढचं चाक स्थिर आणि मागचं तासाला २४० किलोमीटरने फिरतंय असं दिसलं की गाडीच्या संगणकाला वाटतं चाक घसरलं, आणि तो थ्रॉटल आवळतो. हायाबुसाला ट्रॅक्शन कंट्रोल बंद हवं, पॉवर मोड पहिला हवा. तिसऱ्या मोडमध्ये कमाल ताकदच कमी मिळते. काही गाड्यांना कंपनीचा डायनो मोड लावावा लागतो. मोजणीनंतर एबीएसचा दिवा लागला तर दचकू नका, बहुतेक वेळा थोडं अंतर चालवल्यावर जातो. सहाव्या गिअरमध्ये ही गाडी २९९ च्या मर्यादेला जाऊन भिडते, तिथे मोजणी करण्यात अर्थ नाही आणि ती धोक्याचीही आहे. चौथ्या गिअरमध्ये दहा हजार आरपीएमला वेग २४० च्या जवळपास राहतो, तो गिअर योग्य.

गाडी पट्ट्यांनी बांधतात तिकडेही लक्ष ठेवा. मागचे पट्टे खूप आवळले की टायर ड्रमवर चेपला जातो, गरम होतो आणि दोन-तीन घोडे गिळतो. ढिले राहिले की टायर निसटतो. मागचं सस्पेन्शन दबल्यावर चेनचा ताण बदलतो, तो बांधल्यानंतर पुन्हा बघायला हवा. टायरमधली हवा प्रत्येक वेळी तीच ठेवायची. आणि तापमान. पहिल्या रननंतर, म्हणजे एका मोजणीनंतर, गाडी तशीच सोडली तर रेडिएटरची गरम हवा एअरबॉक्समध्ये, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या डब्यात शिरते. आत जाणारी हवा दहा अंशांनी तापली की दोन टक्के ताकद जाते, म्हणजे तुमच्या गाडीचे तीन बीएचपी. डायनोचा तापमान-सेन्सर खोलीत दूर टांगलेला असेल तर त्याला हे कळतही नाही. तो एअरबॉक्सच्या तोंडाशी हवा. समोर मोठा पंखा आणि धूर बाहेर ओढणारी सोय नसेल तर इंजिन स्वतःचाच धूर पिऊ लागतं, आणि खोलीतल्या माणसांच्या जिवालाही कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. अशा बंद शेडमध्ये उभंसुद्धा राहू नका.

एक ताकद मात्र कोणताच वर्कशॉपचा डायनो दाखवू शकत नाही: रॅम एअर, म्हणजे वेगामुळे पुढच्या तोंडातून दाबाने आत शिरणारी हवा. ३०० किलोमीटरच्या वेगाला हा दाब ४० मिलिबारच्या आसपास भरतो, जेमतेम चार टक्के. कावासाकी म्हणूनच दोन आकडे देते: २०२१ च्या झेडएक्स-१०आरला २०३ पीएस, रॅम एअर धरून २१३.१. दुसरा आकडा रस्त्यावरच्या रोजच्या वेगाला कधीच मिळत नाही, पण खोटाही नाही. सुपरचार्जर किंवा टर्बो लावून हवा दाबून आत ढकलणाऱ्या गाड्यांबाबत हवामानाचा गुणक जपून वापरावा. कावासाकीच्याच एचटूत सुपरचार्जर क्रँकला जोडलेला असल्याने तो आत येणाऱ्या हवेला ठरावीक पटीत दाबतो, म्हणून तिथे गुणक बऱ्यापैकी लागू पडतो. पण बाहेरून टर्बो बसवून ज्यांचा दाब वेस्टगेट, म्हणजे जादा धूर बाजूने सोडणारी झडप सांभाळते त्या गाड्यांत पुण्याच्या हवेची तूट टर्बो स्वतःच बरीचशी भरून काढतो. त्यावर आणखी दहा टक्के चढवले की कागदावर अशी ताकद उभी राहते जी इंजिनात कधी नव्हतीच.

डायनोशिवायही एक प्रामाणिक पडताळणी आहे: गाडी आणि चालक यांचं एकत्र वजन, आणि पाव मैलाच्या शेवटी मिळालेला वेग. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन या ड्रॅग शर्यतीत धावणाऱ्यांकडे हा आकडा असतो. किती सेकंद लागले त्यात चालकाचं सुटण्याचं कसब मिसळलेलं असतं, शेवटचा वेग मात्र बहुतांशी ताकदीवर ठरतो. हा आकडा कोणत्याही दुकानाच्या संगणकातून बदलता येत नाही, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

एक्झॉस्ट किंवा ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या कामासाठी डायनो वापरणार असाल तर आधीची आणि नंतरची मोजणी एकाच दिवशी, एकाच यंत्रावर, त्याच टायरच्या हवेवर आणि त्याच टाकीतल्या पेट्रोलवर झाली पाहिजे. साधं ई-२० पेट्रोल भरून आधीचा रन आणि १०० ऑक्टेनचं एक्सपी-१०० भरून नंतरचा, असं केलं तर काय मोजलं ते कोणालाच सांगता येणार नाही. काळजीपूर्वक काम केलं तरी एकाच गाडीचे लागोपाठचे रन एक-दीड टक्का हलतात. तेव्हा १७१ च्या गाडीत दोन घोडे वाढले असं कोणी म्हणालं तर ते वाढलेच असं धरू नका. आणि नुसत्या टोकाकडे बघू नका. हायाबुसाचा १५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पीळ, ७००० आरपीएमला येतो, आणि घाटात, हायवेवर तुम्ही जगता ते त्याच्याही खाली. टोकाला पाच मिळवून ४००० ते ६००० मध्ये आठ गमावणारे बदल मी भरपूर पाहिलेत, आणि मालक वर्षभर त्या गाडीवर नाराज असतात, कारण न समजता.

टॉर्कची रेघ कागदावर मधेच उड्या मारत असेल तर आरपीएमचा सिग्नल तुटतोय. पॉवर ड्रमवरून थेट मिळते, तिला इंजिनाच्या आरपीएमची गरज नसते, टॉर्कला असते. शिवाय रेघ किती गुळगुळीत केली आहे तो आकडाही विचारा. जास्त गुळगुळीत केलेल्या रेघेत मिसफायर लपतो.

तुमच्यासाठी आता एवढंच करा. थंड सकाळी, यापैकी कोणत्याही एका ठिकाणी, चौथ्या गिअरमध्ये तीन रन घ्या, दोन रनांच्या मधे इंजिन त्याच तापमानाला येऊ द्या. कागदावर मूळ आकडा, एसएईचा आकडा, खरा स्थानिक दाब, तापमान आणि आर्द्रता छापून मागा. एसएईने चाकावर १६५ ते १७५ बीएचपीच्या दरम्यान आले तर गाडीला हात लावू नका. १६० च्या खाली गेले तर आधी चेन आणि मागचा ब्रेक घासतोय का ते बघा, मग एअर फिल्टर, मग पेट्रोल. आरपीएम चढतायत पण ड्रमचा वेग त्या मानाने चढत नाही असं दिसलं तर क्लच घसरतोय. हे सगळं ठीक असूनही आकडा खालीच राहिला, तरच व्हॉल्व्हचं क्लिअरन्स तपासायला इंजिन उघडा.